चौथी गोळी

आम्ही तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझ्या मुलीला लहानपणापासून फिट येते. मान एकदम खाली पडते, कधी ती उभ्या उभ्या कोसळते. आधी व्हॅल्प्रोएट सुरू झालं, मग लॅमोट्रिजिन, मग क्लोबाझाम. दर नव्या गोळीनं थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. शेवटी एका डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन लिहिलं. आधीच्या तिन्ही गोळ्या तशाच राहिल्या.

हळूहळू मुलगी घास तोंडात धरूनच झोपू लागली. लाळ गळायची, चालताना भिंत धरावी लागायची. आजाराचाच अशक्तपणा, असं सगळे म्हणत. मोठ्या रुग्णालयातल्या बालमेंदूतज्ज्ञांनी मात्र सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या आणि रक्त तपासायला पाठवलं. फेनोबार्बिटोनची पातळी डोसाच्या मानानं फारच चढलेली निघाली. व्हॅल्प्रोएटमुळे शरीरात त्या औषधाचा निचरा मंदावतो, म्हणून ते साचत गेलं होतं. अमोनियाही वाढला होता. व्हॅल्प्रोएटनं तो वाढू शकतो आणि जोडीला फेनोबार्बिटोन असलं की धोका आणखी. त्यांनी नवं काहीच लिहिलं नाही. फेनोबार्बिटोन थोडं थोडं करून उतरवलं. मुलगी पुन्हा बोलू लागली, आणि झटके काही वाढले नाहीत.

दोन-तीन औषधं एकत्र देणं मुळात चूक नाही. काही मुलांना त्याचाच आधार असतो. ड्राव्हे सिंड्रोम या मिरगीच्या प्रकारात व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम आणि स्टिरिपेंटॉल मुद्दाम जोडून देतात. त्याच आजारात कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिननं झटके वाढू शकतात. म्हणून आधी फिटचा प्रकार नेमका ओळखला गेला पाहिजे. व्हॅल्प्रोएटसोबत लॅमोट्रिजिन द्यायचं तर अगदी कमी डोसापासून, सावकाश चढवत न्यावं लागतं, कारण ते शरीरात जास्त वेळ टिकतं. अंगावर पुरळ दिसलं, तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नवी गोळी लिहिली जात असताना मी आता विचारते: हिच्यामुळे आधीच्या कुठल्या औषधाची पातळी बदलेल? हिचा उपयोग झाला का, ते कधी ठरवायचं? आणि त्या वेळी जुनी कोणती कमी करायची? हे विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच. उत्तर मिळेपर्यंत घरच्या घरी एकही गोळी बंद करू नका. अचानक थांबवलं तर न थांबणारी फिट येऊ शकते. झटका पाच मिनिटांवर गेला तर थेट १०८ला फोन.

वहीत औषधाचं मूळ नाव लिहा, नुसता ब्रँड नको. एकच औषध दोन नावांनी दोन चिठ्ठ्यांवर येऊ शकतं. ही वही सर्दी-तापाच्या डॉक्टरांनाही दाखवा. एरिथ्रोमायसिननं कार्बामाझेपिनची पातळी चढते, मेरोपेनेमनं व्हॅल्प्रोएटची झपाट्यानं घसरते.

आणखी एक गोष्ट मला फार आधी कळायला हवी होती. २००० साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी ५२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या आधी औषध न घेतलेल्या रुग्णांपैकी ४७ टक्क्यांचे झटके पहिल्या औषधानं थांबले, पुढच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधानं आणखी १४ टक्क्यांचे, दोन औषधं जोडून जेमतेम ३ टक्क्यांचे. ते सगळे रुग्ण मुलं नव्हते, तरी आईबापांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. योग्य निवडलेली दोन औषधं नीट घेऊनही झटके थांबले नाहीत, तर त्याला औषधांना दाद न देणारी मिरगी म्हणतात. २०१० पासून जगभर हीच व्याख्या आहे. मूल त्या टप्प्यावर पोहोचलं की चौथ्या-पाचव्या गोळीची वाट पाहू नका. तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा किंवा बेंगळुरूचं निम्हान्स अशा मोठ्या रुग्णालयात मूल दाखवा. व्हिडिओ ईईजी, एमआरआय, जनुक तपासणी, शस्त्रक्रिया होऊ शकते का, हे सगळं तिथे विचारा. भात-साखर जवळपास बंद करणाऱ्या किटोजेनिक आहाराबद्दलही विचारा. कावेरीकाठच्या घरात मुलाचा भात तोडणं जिवावर येतं, पण काही मुलांचे झटके त्यानं खरंच कमी होतात. तो मात्र आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा, आणि औषधांच्या गोड सिरपमधली साखरही हिशेबात धरायची.