कोड पुसण्याआधी फोटो काढा

मी नेरचा. सोयाबीन, तूर, सरकीची भाडी मारतो. गाडी सहाचाकी, बीएस-६. अमरावतीच्या एका गॅरेजात चार माणसांदेखत मला ‘तुम्हाला यातलं काय कळते’ असं ऐकवलं गेलं, म्हणून हे लिहितो आहे.

सोयाबीनचा सीझन होता. नांदगाव खंडेश्वर सोडलं आणि चेक लाइट लागला, पिकअप गेला. भरली गाडी चाळीसच्या वर जाईना. रांगत रांगत गॅरेज गाठलं. मालकाने स्कॅनर लावला, पडदा स्वतःकडे वळवून पाहिला आणि लगेच कोड पुसून टाकला. म्हणे, “चारही नोझल गेले भाऊ. मशीन खोटं बोलते काय?” मी म्हटलं, आधी डिझेल फिल्टर तर उघडा. तेव्हा ते वरचं वाक्य आलं. नव्या नोझलचं कोडिंग करावं लागतं असं ऐकून होतो, तेही विचारलं. “या गाडीला कोडिंग-बिडिंग लागत नाही, घातले की चालतात.” माल अडकलेला, व्यापाऱ्याचे फोनवर फोन. ६२,००० रुपये मोजले.

तिसऱ्या दिवशी तोच लाइट, तेच रांगणं.

या वेळी यवतमाळला पंप-नोझलवाल्याकडे गेलो. त्यांनी कोड मोठ्याने वाचून दाखवला: एसपीएन १५७, एफएमआय १८. अर्थ एवढाच, की रेलमधला, म्हणजे सगळ्या नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, डिझेलचा दाब पाहिजे त्यापेक्षा कमी आहे. तो का कमी झाला, हे कोड सांगत नाही. फिल्टर तुंबलेला असेल, लाइन हवा घेत असेल, पंप थकला असेल, नोझल मागे डिझेल सोडत असेल. मग त्यांनी चालू इंजिनचे आकडे लावले. आयडलला मागितलेला दाब आणि मिळालेला दाब बरोबर जुळत होते. रेस दिली की मागणी वर जायची आणि मिळणारा दाब मागेच राहायचा. फिल्टर उघडला तर आत पाणी. टाकीकडच्या पाइपला बारीक चीर, त्यातून हवा जात होती. दोन्हींचं काम २,८०० रुपयांत झालं.

मी नोझलचं बोललो तेव्हा त्यांनी टॉर्च मागवला. प्रत्येक नोझलच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड कोरलेला असतो आणि तोच ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरलेला असतो. नोझल बदलला की नवा कोड भरावा लागतो. त्यांनी ईसीएममधले चार कोड कागदावर उतरवले आणि एकेक डोकं पुसून वाचायला लागले. पहिला जुळला. दुसरा जुळला. चौथाही जुळला, तेव्हा ते काही बोलले नाहीत, टॉर्च बंद केला. कोडिंग केलंच नव्हतं, तर नव्या नोझलचे कोड ईसीएमशी जुळतील कसे? माझे कंपनीचे नोझल जागचे हललेही नव्हते.

मी परत अमरावतीला गेलो. “पक्कं बिल दाखवा,” म्हणाला. माझ्याकडे साध्या कागदावर ‘नोझल काम’ एवढंच लिहिलेलं. तो कागद अजून केबिनमध्ये आहे आणि दिसला की डोकं तापतं.

तेव्हा कोणी स्कॅनर लावला, की आधी पडद्याचा फोटो काढा. कोड पुसला की तो लागला त्या क्षणाचे आरपीएम, तापमान, दाब हे आकडेही सहसा पुसले जातात, मग भांडायला हातात काही उरत नाही. नोझल काढण्याआधी चारही डोक्यांचे फोटो घ्या. जुने नोझल मागून घ्या, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. माल अडकला म्हणून घाई करू नका. हे सांगणं सोपं आहे, मलाही माहीत आहे.

स्वतःचा स्कॅनर घेणार असाल तर मोबाइलला जोडायचं स्वस्त ब्लूटूथ यंत्र घेऊ नका. ते बहुतेक १२ व्होल्टच्या कारसाठी असतं, आपल्या गाड्या २४ व्होल्टच्या. खोक्यावर २४ व्होल्ट आणि जे-१९३९ (ट्रकचे कोड वाचायची पद्धत) दोन्ही लिहिलेलं पाहूनच घ्या. सर्व्हिस वेळेवर करा, फिल्टरखालचं पाणी सोडत जा. आणि गाडी ठणठणीत असतानाचे आकडे लिहून ठेवा, एक रिकाम्या गाडीचे, एक भरलेल्या. मी आता शेजारी पोरगा बसवून नांदगावच्या रस्त्यावर रेल प्रेशर वहीत उतरवून घेतो. पुढच्या वेळी मिस्त्रीसमोर आधी ती वही ठेवीन.