बेटांची मोट
लहान सागरी राष्ट्रांचे प्रादेशिक सहकार्य आणि विकास

पावसाळ्याच्या दिवसांत धारणी तालुक्यातील काही गावांचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध एका रपट्यावर अवलंबून असतो. सिपना, गडगा, खापरा या नद्या दुथडी भरून वाहू लागल्या की रपट्यावर पाणी चढते, आणि ते ओसरेपर्यंत पलीकडचे गाव म्हणजे एक बेटच होऊन बसते. गावातील माणसे कष्टाळू असतात, शेत पिकत असते. परंतु डॉक्टर, मोठा बाजार आणि वरच्या वर्गाची शाळा पाण्यापलीकडे राहते. जी अवस्था मेळघाटात काही दिवसांची असते, ती जगातील कित्येक लहान राष्ट्रांच्या वाट्यास बारमाही आलेली आहे. या बेटराष्ट्रांनी परस्पर सहकार्यातून विकासाची वाट कशी शोधली, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

लहान आकाराची किंमत

विकासाची काही साधने थोडी थोडी उभारता येत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालय अर्धे काढता येत नाही, की बंदर पाव हिश्शाने बांधता येत नाही. प्रशांत महासागरातील तुवालू या राष्ट्राचे क्षेत्रफळ अवघे 26 चौरस किलोमीटर आहे. अशा राष्ट्राने विद्यापीठापासून विमानसेवेपर्यंत सारे एकट्याने करावयाचे ठरविले, तर दरडोई खर्च त्याला कधीच पेलणार नाही.

दुसरी अडचण बाजारपेठेची. लहान राष्ट्राची निर्यात बहुधा एकदोन मालांवर उभी असते, आणि समोरचा ग्राहक मात्र बलाढ्य असतो. एकाच पिकावर भिस्त ठेवणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातील कापूस उत्पादकास निराळे सांगावयास नको.

मॉरिशसचा अनुभव

मराठी वाचकांस मॉरिशस परके नाही. 1834 पासून तेथील उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी आपली भाषा आणि सण आजही जतन केले असून शाळांमधून मराठी शिकविली जाते. 12 मार्च 1968 रोजी हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची अर्थव्यवस्था जवळजवळ सर्वस्वी साखरेवर उभी होती.

1975 मध्ये आफ्रिका, कॅरिबियन आणि प्रशांत भागांतील राष्ट्रांनी एकत्र येऊन युरोपीय समुदायाशी लोमे येथे करार केला. त्यासोबतच्या साखरविषयक व्यवस्थेमुळे ठराविक प्रमाणातील साखरेला हमीभाव मिळाला आणि तीत सर्वांत मोठा वाटा मॉरिशसचा होता. एकट्याने वाटाघाटीस बसून हा भाव पदरात पडणे कठीण होते. या उत्पन्नातून साठलेल्या भांडवलाने मॉरिशसमध्ये वस्त्रोद्योग आणि पर्यटन यांना हातभार लावला. ही व्यवस्था 2009 मध्ये संपुष्टात आली, तोवर देशाने साखरेखेरीज अन्य आधार उभे केलेले होते.

शेजाऱ्यांशी सहकार्याचे पाऊल 1982 मध्ये पडले. मॉरिशस, मादागास्कर आणि सेशेल्स यांनी हिंदी महासागर आयोगाची मुहूर्तमेढ रोवली व 1984 च्या करारान्वये त्यास कायम स्वरूप आले. पुढे 1986 मध्ये कोमोरोस आणि रेयुनियन बेटाच्या वतीने फ्रान्स हे त्यात सामील झाले. आयोगाचे कार्यालय मॉरिशसमध्ये आहे. समुद्रावरील हालचालींची माहिती एकत्र करणारे केंद्र मादागास्करमध्ये, तर त्या माहितीवरून प्रत्यक्ष कारवाईचा समन्वय साधणारे केंद्र सेशेल्समध्ये आहे. एकाच राजधानीत सर्व संस्था न थाटता त्या वाटून दिल्या, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी होय. ज्याच्या दारी संस्था नाही, त्याला ती आपली वाटत नाही.

मोडलेला संघ, टिकलेले विद्यापीठ

सहकार्याचा प्रत्येक प्रयोग यशस्वी होतोच असे नाही. कॅरिबियन समुद्रातील ब्रिटिश वसाहतींनी 1958 मध्ये वेस्ट इंडीज संघराज्य स्थापन केले. कर किती, प्रतिनिधी कोणाचे किती, मोठ्या बेटाने लहानांचा भार किती वाहावा, यावरून वाद विकोपास गेले. 1961 मध्ये जमैकाच्या जनतेने सार्वमताने बाहेर पडण्याचा कौल दिला. मागोमाग त्रिनिदादनेही पाय मागे घेतला आणि 1962 मध्ये संघराज्य विसर्जित झाले.

परंतु 1948 मध्ये जमैकातील मोना येथे सुरू झालेले सामाईक विद्यापीठ मात्र मोडले नाही. आज अनेक देशांचे विद्यार्थी त्यात शिकतात. 1972 मध्ये सामाईक परीक्षा मंडळ आणि 1973 मध्ये कॅरिबियन समुदाय स्थापन झाला. पूर्वेकडील लहान बेटे तर 1986 पासून सरकारी दवाखान्यांची औषधे एकत्रित मागणी नोंदवून खरेदी करतात. मागणी मोठी झाल्याने औषधांच्या किमती उतरतात. वरून बांधलेला संघ कोसळला, आणि गरजेतून बांधलेली संस्था टिकली, हा या इतिहासाचा बोध होय.

प्रशांत महासागरातील आठ राष्ट्रांनी तोच बोध मासेमारीत आचरिला. ट्यूना मासा एका देशाच्या पाण्यातून दुसऱ्याच्या पाण्यात जातो. तेव्हा परदेशी जहाजांना जेथे परवाना स्वस्त मिळेल तेथे ती जात. 1982 मध्ये यांपैकी बहुतेक राष्ट्रांनी नाऊरू करार केला. पुढे 2007 पासून मासेमारीचे दिवसच मोजून विकण्याची पद्धत आणली आणि किमान दर एकत्र ठरविला. त्यामुळे त्यांचे परवान्यांचे उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. मासा तोच, समुद्र तोच. बदलली ती केवळ विकणाऱ्यांची वृत्ती.

मर्यादा

एकत्र येणे म्हणजे आपोआप विकास नव्हे. शेजारी बेटे पुष्कळदा सारखाच माल पिकवितात. त्यामुळे हिंदी महासागर आयोगाच्या सदस्यांचा आपसांतील व्यापार बेताचाच राहिला आहे. बाजार खुला झाला की कारखाने व नोकऱ्या आधीच पुढारलेल्या केंद्राकडे ओढल्या जातात, हाही अनुभव आहे. म्हणून दुर्बल घटकाचा वाटा आधीच ठरवून घेणे अगत्याचे असते.

धारणीसाठी बोध

मेळघाटातील गाव हे राष्ट्र नव्हे. त्याला आरोग्यसेवा मिळते ती शेजाऱ्याशी केलेल्या तहामुळे नव्हे, तर हक्काने. तरीही आकाराचा आणि अंतराचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. महाराष्ट्रात 1995 पासून राबविण्यात आलेल्या नवसंजीवन योजनेमागे हीच जाण दिसते. आरोग्य, पोषण, रोजगार, धान्यपुरवठा या निरनिराळ्या खात्यांच्या कामांची सांगड घालावी, पावसाळ्यापूर्वीच दुर्गम गावांत धान्य पोहोचवावे, फिरती वैद्यकीय पथके ठेवावीत, असे तिचे स्वरूप आहे. खाती एकेकटी चालली तर तीही बेटेच ठरतात.

जे एका गावाला परवडत नाही ते दहा गावांनी मिळून उभारावे. जे गावाला स्वतः ठरविता येते ते ग्रामसभेकडेच राहू द्यावे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना 1996 च्या कायद्याने तो अधिकार दिलेलाच आहे. आणि सामाईक सोय कोठे उभारावी हे ठरविताना मोठ्या गावाची सोय आधी न पाहता, रपट्यापलीकडच्या शेवटच्या वस्तीपासून अंतर मोजावे. रात्री आजारी पडलेल्या मुलाला घेऊन पाण्याच्या काठाशी थांबलेल्या कोरकू मातेच्या दृष्टीने विकासाची खरी कसोटी तेवढीच आहे.