पीसीडी म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या काकांकडे २००२ ची फियाट पॅलिओ अजून धावते आहे. तिला सेकंडहँड अलॉय व्हील्स घ्यायची ठरली, म्हणून हा प्रपंच. गॅरेजात हमखास ऐकू येतं, "चार बोल्टचं आहे ना? मग बसेल की!"

तर मित्रांनो, सगळ्या बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. पॅलिओचा ४×९८ मिमी. बाजारात मात्र ४×१०० ची व्हील्स भरपूर. फरक व्यासात २, म्हणजे प्रत्येक बोल्टला फक्त १ मिमी. आणि खरा धोका हाच, की व्हील चढतं! पण बोल्ट तिरके जातात, त्यांची निमुळती मान सीटवर एकाच बाजूने टेकते. पान्याला घट्ट लागतं, चाक मात्र मध्यावर नसतं. गाडी थरथरते, बोल्ट सैल होत जातात. पुढचं सांगायला नको.

चार भोकं असतील तर एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजा, मध्य शोधत बसायला नको. टेपने ९८ की १०० ते कळणार नाही, वर्कशॉपमधला मोठा व्हर्नियर घ्या (फर्स्ट इयरनंतर एकदाचा उपयोग!). पाच भोकांत समोरासमोर कोणी नसतं, म्हणून शेजारच्या दोन मध्यांतलं अंतर गुणिले १.७०. जुन्या विलिज जीपला हे अंतर ८२ च्या आसपास येतं, म्हणजे पीसीडी १३९.७, अर्थात साडेपाच इंच.

मधलं भोकही बघा. पॅलिओला ५८.१ मिमी लागतं. लहान असेल तर चाक चढणारच नाही, मोठं असेल तर मध्ये रिंग घालावी लागते.