राजीनामा देण्याआधी

चि. बाळ यास,


ग्रामसेवकाची नोकरी सोडून सेमिनरीत जायचं म्हणतोस. दाखले देण्यात आणि घरपट्टीच्या पावत्या फाडण्यात देवाचं काय काम होतं, हे तुझं वाक्य मला फार लागलं. पाळक होण्याचं खरंच पाचारण असेल तर मी आडवी येणार नाही. पण हातातलं काम हलकं वाटतं म्हणून निघाला असशील, तर थांब.

उत्पत्तीचा दुसरा अध्याय पुन्हा वाच. बागेची मशागत आणि राखण देवाने आदामाकडे सोपवली, ती पाप जगात येण्याआधी. पुढे शापाने घाम आला, काटेकुसळे आली; काम आधीचंच. पौलही करिंथात अक्विलाच्या घरी राहून तंबू करत होता.

आपल्याकडचं बघायचं तर पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन बघ. १८९६-९७च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम, छपाई शिकवली. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच जुळवले. एकेक अक्षर हाताने उचलायचं, ओळीत बसवायचं, शाई लावायची. ते काम ऐहिक की आत्मिक, सांग बरं? मला तरी तिथे रेघ मारता येत नाही.

तुझ्या गावच्या टाकीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर पडते की नाही, हे बघणं तुझ्याकडे आहे. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टच्या नळीत पाणी पिवळं झालं नाही आणि तरी वहीत 'झालं' लिहिलं, तर वस्तीवरची पोरं जुलाबाने आडवी होतील. ती नोंद खरी ठेवणं हीच तुझी साक्ष. न बांधलेल्या गटाराच्या बिलावर सही मागतील, तेव्हा ठाम नकार दे. बदली केली तर सामान बांध आणि जा.

जग अमंगळ आहे, त्यातून बाहेर पडावं, असंही लिहिलंस. यिर्मयाने बाबेलात पाडाव होऊन गेलेल्यांना काय कळवलं होतं? घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात नेलंय त्याच नगराचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. मग आपल्याच तालुक्यातल्या गावाकडे पाठ फिरवायची मुभा तुला कुणी दिली?

अर्ज अजून टाकला नसशील तर टाकू नकोस. नाताळला घरी ये. पाळकसाहेबांशी बोलू, मग ठरव.

तुझी,
आत्या