आमच्या समुद्रातले प्रवाळ



या वेळी बाईंनी सांगितले होते की प्रत्येकाने आपल्या परिसरातील एका गोष्टीवर लेख लिहावा. कोणी हापूसवर लिहिला, कोणी रापणीवर लिहिला. मी दगडावर लिहिणार होते. पण तो दगड निघालाच नाही. त्याची ही हकीकत आहे.

आमच्या घरी टीव्हीच्या शेजारी एक पांढरा दगड होता. त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरे घरे होती. मी लहान असताना तो बाबांच्या होडीच्या नांगराला अडकून वर आला. बाबांनी तो धुऊन, उन्हात वाळवून माझ्यासाठी आणला. मी तो विज्ञान कोपऱ्यात ठेवायला शाळेत आणला आणि खाली चिठ्ठी लावली, 'समुद्राचा दगड'. बाईंनी तो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, हा दगड नव्हे. हा प्रवाळाचा सांगाडा आहे. प्रवाळ हा प्राणी असतो." सगळी मुले हसली. मला वाटले, बाई थट्टा करत आहेत. पण ते खरे होते.

प्रवाळाचा एक जीव फार लहान असतो. काही जातींत शेंगदाण्याएवढा, काही जातींत तर मोहरीएवढाच. त्याचे अंग मऊ असते. तोंड एकच असते आणि तोंडाभोवती बारीक बारीक हात असतात. रात्री तो हे हात बाहेर काढतो आणि पाण्यातले अगदी सूक्ष्म जीव पकडून खातो. दिवसा बहुतेक जाती हात आत घेऊन बसतात. म्हणून आपण दिवसा पाहिले तर दगडच वाटतो. तो समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन आपल्याखाली कठीण घर बांधतो. त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा, असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात. जुन्या घरावर नवे घर. आमच्या दगडावरचे प्रत्येक भोक म्हणजे एकाचे घर होते. मी एका बाजूची भोके मोजायला बसले होते, २१२ पर्यंत मोजली आणि मग आईने जेवायला हाक मारली.

माझ्या आजीच्या अंगठीत पोवळे आहे. मी बाईंना विचारले, तेही हेच का? बाई म्हणाल्या, तेही प्रवाळच, पण जात वेगळी. दागिन्यातले लाल पोवळे पूर्वीपासून भूमध्य समुद्रातून येते, आणि त्याचा सांगाडाच लाल असतो. आपल्याकडच्या प्रवाळाचा सांगाडा पांढरा असतो.

मग त्याला रंग कुठून येतो? हा भाग मला सर्वांत आवडला. प्रवाळाच्या अंगात अतिशय बारीक शेवाळ राहते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. प्रवाळ त्याला राहायला जागा देतो. शेवाळ उन्हात आपले अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे प्रवाळाला देते. म्हणजे ते भाडेकरूसारखे आहे, पण भाडे पैशाने न देता जेवणाने देते. बहुतेक रंगही या शेवाळामुळेच असतो. शेवाळाला ऊन लागते, म्हणून असे प्रवाळ उथळ आणि स्वच्छ पाण्यात वाढतात.

पण पाणी फार तापले की हे भाडेकरू घर सोडून जातात. फार म्हणजे किती? उन्हाळ्यात समुद्र नेहमी जितका जास्तीत जास्त तापतो, त्यापेक्षा १ अंश जरी जास्त तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तरी पुरे होते. मला हे पटेना. एका अंशाने काय होते? तेव्हा बाईंनी विचारले, "तुला ताप आला होता तेव्हा किती होता?" मला आठवले, डॉक्टर ३८ म्हणाले होते. चांगल्या माणसाचे अंग ३७ असते. त्या एका अंशाने मी दोन दिवस उठले नव्हते. शेवाळ गेले की प्रवाळ पांढराफटक पडतो. तो लगेच मरत नाही, उपाशी राहतो. पाणी लवकर थंड झाले तर शेवाळ परत येते. नाही झाले तर मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असे पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की साऱ्या जगात एकदम असे होण्याची ही चौथी वेळ आहे. आपल्या मालवणच्या समुद्रातही २०१४-१५ च्या सुमारास पांढरे पडलेले प्रवाळ शास्त्रज्ञांनी पाहिले.

आता आपल्या समुद्राबद्दल. आपल्या देशात मोठे प्रवाळ चार ठिकाणी आहेत: कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. लक्षद्वीपची बेटे तर प्रवाळाचीच बनलेली आहेत. तिथे पोपटमासा असतो, तो पोपटासारख्या चोचीने प्रवाळ खरवडून शेवाळ खातो आणि पोटातून पांढरी वाळू बाहेर टाकतो. (हे सांगितल्यावर वर्ग फार हसला. आता कोणी किनाऱ्यावर बसायला तयार नाही.) आपल्याकडे एवढे मोठे नाहीत, पण आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, हे आपण इतिहासात शिकलो. त्या तटाखाली पाण्यात एवढे जीव राहतात हे मात्र मला माहीत नव्हते. १९८७ साली सरकारने इथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे.

आणि विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, भर समुद्रात, पाण्याखाली एक मोठे पठार आहे. त्याला आंग्रिया बँक म्हणतात. बँक म्हटल्यावर मला पैशांचीच बँक वाटली होती. पण ते नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडले. त्याचा सर्वांत वरचा भाग पाण्याखाली २० मीटरच्या आसपास आहे. तिथेही प्रवाळ आहेत, कारण तिथले पाणी नितळ आहे आणि ऊन खोलवर जाते.

आपल्या किनाऱ्याला पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो. गाळ अंगावर बसला की प्रवाळाला ऊन मिळत नाही. म्हणून आपल्याकडे झाडासारख्या फांद्यांचे प्रवाळ थोडे आणि गोल गोट्यासारखे, नाहीतर खडकाला चिकटून पसरणारे जास्त. ते गाळ थोडाफार सोसतात. मला ते आपल्या माणसांसारखे वाटतात.

माझ्या आजोबांनी पन्नास वर्षे मासेमारी केली. मी त्यांना प्रवाळाची माहिती वाचून दाखवली, तर म्हणाले, "दगडाक जीव आसा ह्यां माका म्हायत नव्हता. पण त्या दगडात मासो गावता ह्यां म्हायत होता." गोब्रा, तांबोशी, शेवंड अशा ठिकाणी लपतात असे त्यांनी सांगितले. त्यांचे बरोबर आहे. समुद्राच्या तळाचा शंभरातला एक भागसुद्धा प्रवाळाने व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या प्राण्यांच्या चार जातींमधली एक जात केव्हा ना केव्हा प्रवाळाच्या आश्रयाला येते. पिल्लांना लपायला जागा मिळते. जागा गेली तर पिल्ले मोठ्या माशांच्या तोंडी जातात. मग आपल्या जाळ्यात काय येणार?

मन्नारच्या आखातात पूर्वी चुन्यासाठी प्रवाळ खणून काढत असत. तिथे २१ बेटे होती. त्यातली दोन बेटे समुद्राखाली गेली. भोवतीचे प्रवाळ खणल्यामुळे लाटा अडवायला काही राहिले नाही.

आम्ही वर्गात एक प्रयोग केला. तुम्हीही घरी करू शकता. तिसऱ्याची शिंपी घ्या. तिचे बारीक तुकडे करून वाटीत टाका आणि वर लिंबाचा रस घाला. थोड्या वेळाने बुडबुडे येतात. शिंपीतला चुना आंबट पाण्यात विरघळू लागतो. प्रवाळाचे घरही चुन्याचेच. गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर हवेत जातो, त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू समुद्र शोषून घेतो. त्याने समुद्र लिंबासारखा आंबट होत नाही, पण प्रवाळाला चुना मिळवणे अवघड होते. प्रयोग प्रवाळावर करू नये.

कारण प्रवाळ बाळगणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली कठीण प्रवाळांचा पहिल्या यादीत समावेश झाला. त्याच यादीत वाघ आहे. हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे आमच्या टीव्हीजवळ वाघाचे कातडे ठेवल्यासारखेच झाले! मी घरी जाऊन रडले. बाबांना पोलीस नेतील असे मला वाटले. मुख्याध्यापकांनी वनखात्याला कळवले. तिथले एक काका आले, त्यांनी बाबांची सही घेतली आणि तो तुकडा घेऊन गेले. ते रागावले नाहीत. म्हणून इथे खरा तुकडा नाही, मी काढलेले चित्र आहे. पिवळा खडू संपल्यामुळे अर्धे चित्र तपकिरी झाले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

तुकडा देण्याआधी मी तो पट्टीने मोजला होता. खालपासून वरपर्यंत १४ सेंटीमीटर. गोल प्रवाळ वर्षाला साधारण अर्धा ते दोन सेंटीमीटर वाढतात. वर्षाला १ सेंटीमीटर धरले तर १४ वर्षे झाली. अर्धा धरला तर २८ वर्षे. म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून तो तिथे वाढत होता आणि नांगराने एका ओढीत उपटला. मी हे गणित वहीत करून बाबांना दाखवले.

बाबा पर्यटकांना होडीतून पाण्याखालचे प्रवाळ दाखवायला नेतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मेपर्यंत हाच आमचा धंदा. पावसाळ्यात होडी वर काढलेली असते. मी म्हटले, "बाबा, नांगर प्रवाळावर टाकू नका, वाळूत टाका." बाबा म्हणाले, "अगो, रेव लांब आसा. पर्यटकांका एवढ्या लांबसून पोवाक होणा नाय. ते दुसऱ्या होडयेत बसतले. मगे पोटाक काय घालू?" मला उत्तर देता आले नाही. माझी फी नाही, पण वह्या, दप्तर, ताईच्या कॉलेजची बस, सगळे त्याच होडीवर चालते. आई म्हणाली, "तिका उगाच कित्याक रागावतास?" बाबा रागावले नव्हते, विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी ते आजोबांशी बोलत बसले. मी दाराआडून ऐकले. आजोबा म्हणाले, एकट्याने नांगर वाळूत टाकला तर एकट्याचे नुकसान. सगळ्यांनी टाकला तर कोणाचेच नाही. बाबांनी त्याच आठवड्यात दोन दिवस करून पाहिले. वाळूत नांगर टाकला, दोर लांब सोडला, आणि पोहता न येणाऱ्यांना रबरी रिंगला धरून ओढत नेले. बाबांचे खांदे दुखले. एक कुटुंब मध्येच कंटाळून परत आले आणि पैसे कमी दिले. पण एका मुलाला पाण्याखाली गोब्रा दिसला, तो एवढा ओरडला की त्याच्या तोंडातली नळी सुटली.

बाबा आता पर्यटकांना पाण्यात उतरण्यापूर्वी सांगतात की खाली दगड दिसला तरी त्यावर उभे राहायचे नाही. तो मोडतो आणि त्याच्या धारेने पायही कापतो. पाय कापतो म्हटल्यावर लोक लगेच ऐकतात. प्राणी आहे म्हटल्यावर हसतात. फाटकी जाळीही आम्ही आता समुद्रात टाकत नाही, कारण नायलॉनचे जाळे प्रवाळावर पडले तर तिथेच गुंडाळून राहते आणि कुजत नाही.

येत्या रविवारी होडीवाल्यांची बैठक आहे. नांगर सगळ्यांनीच वाळूत टाकायचा का, आणि परवानगी घेऊन तिथे कायमचा बोया बसवता येईल का, हे बाबा विचारणार आहेत. म्हणजे होड्या बोयाला बांधता येतील आणि रोज नांगर टाकावा लागणार नाही. काहीजण नाही म्हणतील असे बाबांना वाटते. मी विचारले, मी येऊ का? बाबा म्हणाले, "तू नको. तुझो कागद दी. मी वाचून दाखवतंय." म्हणून मी हा लेख दोनदा लिहिला. एक प्रत भिंतीवर आहे. दुसरी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात आहे, पाण्याने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली.