लोकप्रिय कादंबरी अर्धवट सोडावी काय?

गेल्या पावसाळ्यांत एका विद्यार्थ्यानें शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही कादंबरी ग्रंथालयांत परत आणून दिली. "कशी वाटली?" असें मीं सहज विचारलें. "फारच उत्तम, गुरुजी," तो म्हणाला. परंतु खुणेसाठीं पुस्तकांत घातलेलें द्राक्षवेलीचें वाळकें पान चाळिसाव्या पृष्ठाच्या पुढें गेलेलें नव्हतें. आपल्या पलूसच्या मुलांच्या पुस्तकांतून अशीं पानें पुष्कळदां सांपडतात. मीं तें त्याच्या हातीं ठेवलें, तेव्हां तो खालीं मान घालून म्हणाला, "घरीं आईनें वाचली, दादानें दोनदां वाचली. मलाच ती पुढें सरकेना. माझ्यांतच कांहीं उणें आहे काय?"

त्या मुलास मीं जें सांगितलें तेंच येथें थोड्या विस्तारानें लिहीत आहें. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाहीं, आणि पालकांनींहि तो आपल्या मनाशीं विचारून पाहण्याजोगा आहे.

कंटाळा आला म्हणजे तो कोठून आला हें आधीं पाहावें. पुष्कळदां त्याचें मूळ आपल्या वाचण्याच्या रीतींत असतें. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून त्यांच्याच 'करमणूक' या साप्ताहिकांत क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली व १८९३ पर्यंत चालली. वाचकाच्या हातीं आठवड्यास थोडासाच मजकूर पडे, आणि पुढील अंक येईपर्यंत यमूची काळजी करण्यास त्याला सात दिवस मिळत. तोच ग्रंथ आज आपण जाड पुठ्ठ्यांत बांधलेला घेतों आणि रविवारच्या एका दुपारीं संपवूं पाहतों! आठवड्याच्या बाजाराचा सबंध शिधा एका बैठकीस खाल्ला, तर अजीर्णाचा दोष शिध्यास कसा द्यावा? आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीस १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' निघालें व तेंच पुढें 'किर्लोस्कर' या नांवानें घरोघर गेलें. त्या मासिकाचे वाचकहि असेच पुढील अंकाची वाट पाहणारे होते. अशा ग्रंथास दिवसाकांठीं दहा पानें द्यावीं, शक्य तर घरांत मोठ्यानें वाचावीं, आणि पंधरा दिवसांनीं मग निवाडा करावा.

परंतु कांहीं ग्रंथांतील कंटाळा खरोखरच ग्रंथाचा असतो. बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालचें. मराठीतील आरंभींच्या कादंबऱ्यांत त्याची गणना होते. हिंदु विधवांची दुःस्थिति लोकांपुढें मांडावी हा त्याचा हेतु, आणि तो स्तुत्यच होता. तथापि कथा वारंवार थांबते व वादविवाद आणि उपदेश सुरू होतो. इतिहासाच्या अभ्यासकास तेंच भाग मोलाचे वाटतील. चौदा वर्षांच्या मुलास ते जड गेले तर त्याला मी दोष देणार नाहीं. निवडक प्रकरणें वाचून त्यानें पुस्तक खुशाल ठेवून द्यावें. ज्या ग्रंथावरून आपण 'कादंबरी' हा शब्द घेतला, तो बाणभट्टाचा संस्कृत ग्रंथ तरी खुद्द बाणाच्या हातून कोठें पुरा झाला? उत्तरार्ध त्याच्या पुत्रास रचावा लागला. तेव्हां अर्धवट राहण्याची परंपरा जुनीच म्हणावयाची!

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळूं. 'मृत्युंजय' १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. इतक्या वर्षांत असंख्य वाचकांनीं तिच्यावर प्रेम केलें, तेव्हां तिच्यांत कांहींच नाहीं असें चाळीस पानांवरून म्हणणें उतावीळपणाचें होईल. शिवाय ती एकट्या कर्णाच्या मुखानें सांगितलेली नाहीं. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व श्रीकृष्ण हेहि आपापल्या परीनें बोलतात. "कर्णाचें स्वगत लांबलें असें वाटतें ना? मग शोणाकडे जा. धाकटा भाऊ थोरल्याविषयीं काय म्हणतो तें ऐक," असें मीं सुचविलें. त्यानें तो भाग वाचला, त्याला आवडलाहि. पुढें मात्र पुस्तक पुन्हा खालीं ठेवलें. मीं आणखी आग्रह केला नाहीं. फक्त कोठें व कां थांबलास तें अर्ध्या पानांत लिहून दे, एवढें सांगितलें. त्यानें लिहिलें कीं, सर्व माणसें एकाच भारदस्त भाषेंत बोलतात, त्यामुळें कोण बोलत आहे हें मला पुन्हा पुन्हा पाहावें लागलें. हा आक्षेप मला सर्वस्वीं मान्य नाहीं. पण तो त्याचा स्वतःचा होता. "फारच उत्तम" हे शब्द दादाचे होते. आम्हां शिक्षकांचाहि येथें अपराध आहे: उसन्या स्तुतीच्या निबंधास आम्ही गुण देतों, आणि मुलें तेंच शिकतात.

हें मी इतक्या आग्रहानें लिहितों त्यास कारण आहे. पंधराव्या वर्षीं मीहि 'पण लक्षांत कोण घेतो!' अर्धवट सोडली होती. आमच्या आत्याबाईंना लिहितां-वाचतां येत नसे. तरुणपणींच विधवा होऊन त्या माहेरीं राहिल्या होत्या. संध्याकाळीं वाती वळीत त्या बसत व मी त्यांना ती कादंबरी वाचून दाखवीं. यमूचें बालपण, सासर-माहेरचीं बोलणीं, हें मला कंटाळवाणें वाटे; मन सारें रहस्यकथांकडे. एके दिवशीं मीं पुस्तक वाचनालयांत देऊन टाकलें व संपलें असें सांगितलें.

"मग यमूचं पुढं काय झालं रे?" आत्याबाईंनीं विचारलें.

"सुखानें नांदली. मुलेंबाळें झालीं," मीं ठोकून दिलें.

त्यांनीं हातांतली वात तशीच धरून माझ्याकडे पाहिलें. "असं होय?" एवढेंच म्हणाल्या, आणि पुन्हा वळूं लागल्या.

पुढें कॉलेजांत गेल्यावर मीं ती कादंबरी शेवटपर्यंत वाचली. यमूचा नवरा मरतो, तिच्या इच्छेविरुद्ध तिचें केशवपन होतें, आणि त्यानंतर ती फार दिवस जगत नाहीं. तें पान वाचून मीं पुस्तक मिटलें, तेव्हां आत्याबाईंना जाऊन दोन वर्षें झालीं होतीं.