काट्यावरचं पाणी

उत्रोली, ता. भोर

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल भोरच्या एसटी स्टँडवर तुझ्या कॉलेजातला एक पोरगा भेटला. बोलता बोलता म्हणाला, वजनात बसायला तू दोन दिवस पाण्याचा घोट घेतला नाहीस, अंगात रेनकोट घालून भर दुपारी मैदानाला फेऱ्या मारल्यास आणि वजन झाल्यावर जिन्यात भोवळ येऊन बसलास. खरं आहे का हे? ताईला मी अजून बोललेलो नाही.

तू उजवा कोपरा सांभाळतोस. घोटा धरल्यावर चढाईवाल्याला रेषेपर्यंत जाऊ द्यायचं नाही, तर अंगात वजन हवं, हे मला कळतं. पुरुषांच्या कबड्डीत ८५ किलोच्या वर चालत नाही, हेही ठाऊक आहे. पण वर्षभर ८९ वर राहायचं आणि शेवटच्या दोन दिवसांत चार किलो पिळून काढायचे, हा कुठला शहाणपणा? दोन दिवसांत जाते ती चरबी नव्हे रे, पाणी जातं. एक लिटर घाम गेला की काट्यावर एक किलो कमी दिसतो, एवढंच. आत रक्त घट्ट होतं, काळजाला ओढ बसते, घाम आटला की अंग तापतच जातं. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजातले तीन पैलवान असं वजन उतरवताना जेमतेम महिन्याभरात गेले. तुझ्याच वयाची पोरं. आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपली कुस्तीगीर विनेश फोगट रात्रभर घाम काढत राहिली, केससुद्धा कापले, तरी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलेच. तिच्याजवळ डॉक्टर होते. तुझ्याजवळ त्या जिन्यात कोण होतं?

मी हे का बोलतोय, ते तुला कुणी सांगितलं नसणार. मीही हेच केलंय. जिल्ह्याच्या कुस्तीला खालच्या गटात बसायचं म्हणून दोन स्वेटर घालून पळालो, लिंबाची फोड चघळून थुंकत राहिलो. जीभ टाळूला चिकटली होती, लांगेची गाठ बोटांना सुटेना. वजनात बसलो. आखाड्यात उतरलो आणि पोटरीत असा गोळा आला की समोरच्यानं हात लावायच्या आत मी खाली होतो. तुझे आजोबा पहिल्या एसटीनं आले होते, मांडीवर दुधाची किटली धरून. घरी जाईपर्यंत चकार शब्द बोलले नाहीत. दूध मात्र पाजलं. मी पाणी तोडलं होतं, हे त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

म्हणून तू लपवू नकोस. वजन कमी करायचंच तर आठ आठवडे आधी लाग. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. रोज सकाळी परसाकडं जाऊन आलास की अनशापोटी वजन कर आणि वहीत मांड. रात्रीचा भात निम्मा कर, वडापाव सोड. डाळ, अंडी, दूध सोडू नकोस. पाणी तर कधीच नाही. लघवी गडद पिवळी झाली की समज, चुकतंय. एवढं करून अंग ८५ ला येत नसेल, तर हा हंगाम जाऊ दे. तुझ्या सरांशी मी बोलतो.

जास्तच बोललो का? रात्रभर झोप नाही लागली रे. गेल्या वर्षी तालुक्याच्या सामन्यात तू शेवटची पकड केलीस, तेव्हा सगळ्यांत आधी उभा राहून ओरडलो तो मीच. तुझा खेळ मला हवाय. पण त्याआधी तू हवास.

खाचरातला भात झोडून झालाय, नवा आंबेमोहोर घरात आलाय. रविवारी ये. वजन कितीही असो, ये. आणि पत्र मिळालं की फोन कर, ताईच्या आधी मला.

तुझा,
मामा